केस विंचरता येतात का?

अनुया, निहार, माझ्या नर्सिंगच्या दिवसांबद्दल तुम्ही विचारता आणि मी नेहमी शिस्तीच्याच गोष्टी सांगते. आज खांदा दाखवायला दवाखान्यात गेले होते, म्हणून ही टाळलेली गोष्ट लिहिते.

तिथे माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या हाताचं प्लास्टर निघून महिना झाला होता. तरुण नर्सने विचारलं, "मावशी, केस विंचरता येतात का?"

बाईंचा हात कानापाशीच थांबला. "वेणी सून घालते. ओढते मेली!"

नर्स हसली, पण तिने ते लिहून घेतलं आणि व्यायाम वाढवून दिला.

मला मान वर करवेना. आमच्या वॉर्डात प्लास्टर कापलं की मी रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात 'बरी' लिहीत असे. त्या ओळी पाहून मोठे डॉक्टरसाहेब वॉर्डाचं कौतुक करत. गजरे विकणारी कमळाबाई एकदा म्हणाली, "सिस्टर, हात वर जात नाही हो. गजरे दोरीवर टांगू कशी?"

"जाईल सवयीने. आधी खाट रिकामी करा," मी म्हणाले आणि तिच्या नावापुढेही 'बरी' लिहिलं.

तिचा पत्ता त्याच ओळीत होता. पुढे कशी आहे हे विचारायला मी एक पोस्टकार्डही टाकलं नाही. ते रजिस्टर केव्हाच रद्दीत गेलं असेल. लाज मात्र अजून आहे.