ओळखीचे एक गृहस्थ

इनास तुस्कानो यांच्या चिंतनात मी आतापर्यंत दोनदा येऊन गेले आहे आणि दोन्ही वेळा मूर्ख म्हणून. त्यामुळे त्यांच्याविषयी जे सांगेन ते थोडं दातओठ खाऊनच सांगेन, हे आधीच कबूल करते.

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या बाजूला आमची चार मजल्यांची सोसायटी. तिच्यात ख्रिस्ती घर एकच, तळमजल्यावरचं इनासकाकांचं. मूळचे वसईकडचे, बाविसाव्या वर्षी कारखान्यात टर्नर म्हणून आले आणि इथलेच झाले. सेलिनकाकू होत्या तोवर पहाटेच्या चहाबरोबर काका त्यांना त्या दिवसाचं शास्त्रवाचन मोठ्याने वाचून दाखवत आणि वर चार शब्द स्वतःचे घालत. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. ऐकायला कुणी उरलं नाही, म्हणून काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रोजची भाकर’ नावाचा ग्रुप काढला आणि अख्ख्या बिल्डिंगला त्यात ओढलं. आमच्यातल्या दोघीतिघी रेसिपी मिळतील म्हणून आनंदाने गेल्या. रोज पहाटे साडेपाचला काकांचा आवाज येतो. बायबलातला उतारा, त्या दिवसाचा संत, आणि मग, “आता हे आपल्या रोजच्या जगण्यात पाहू.”

सगळी गोची या वाक्यात आहे. काकांचं रोजचं जगणं म्हणजे आम्ही. हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संत अंतोनच्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या एका बंधूंचा चष्मा निघाला, तो त्यांच्याच कपाळावर होता. दिव्यात तेल न भरणाऱ्या पाच मूर्ख कुमारिकांचा दाखला आला तेव्हा काका म्हणाले, “आपल्याकडे शुक्रवारी पाणी नसतं. नोटीस मंगळवारीच लागते. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या एक भगिनी शुक्रवारी दुपारी बादली घेऊन घरोघर फिरतात.” तिसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. समोरच्या कुंदावहिनींकडे दोन भरलेली पिंपं असतात. दुसऱ्या वेळचं मी सांगणार नाही.

नाव मात्र काका कधीच घेत नाहीत. चर्चमधल्या फादरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की दाखला द्या, पण नाव घेऊ नका. आणि उतारा आपल्या मनाने निवडायचा नसतो. कुठल्या दिवशी काय वाचायचं ते चर्चच्या कॅलेंडरात आधीच ठरलेलं असतं. समोर येईल ते घ्यायचं.

गेल्या वर्षी गणपतीतल्या रविवारी समोर आला तो मेजवानीचा उतारा. कुणी बोलावलं तर मानाच्या जागी जाऊन बसू नका, असा. आता आमच्या गणपतीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर दुपारी चारलाच रुमाल पडतो आणि तो कुणाचा हे शेंबडं पोरही सांगेल. श्यामकांतांचा. हे कुंदावहिनींचे यजमान, त्याच कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आणि काकांचे तीस वर्षांचे दोस्त. रोज संध्याकाळी दोघं मंदिरापर्यंत चालत जात. श्यामकांत दर्शन घेत, काका बाहेर त्यांच्या चपला सांभाळत, मग दोघं कटिंग पीत जगाला शिव्या घालत.

त्या पहाटे काका म्हणाले, “माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. ते खुर्चीवर रुमाल टाकतात.” पाच वाजून छत्तीस मिनिटांनी श्यामकांत ग्रुपमधून बाहेर पडले.

त्या संध्याकाळी श्यामकांत एकटेच निघाले, चपलांसाठी पिशवी घेऊन. काका मला म्हणाले, “उमाताई, मी नाव कुठे घेतलं? रुमाल काय सगळेच टाकतात.” मी चांगलं सुनावलं त्यांना. मग त्यांनी आपले दाखले गावाबाहेर हलवले. एके दिवशी उल्हासनगर कॅम्प तीनमधले कुणी जीन्सवाले, दुसऱ्या दिवशी बदलापूरच्या कुणी बाई. ऐकायला मजाच येईना. विसर्जन झालं तरी दोघं बोलेनात. काका एकटेच गेटपाशी बसून असत आणि खरं सांगते, बघून जीव तुटायचा. तीस वर्षांचा दोस्त असा हातचा जातो की काय, ही धास्ती त्यांच्या तोंडावर दिसत होती.

त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, गुरुवारी, साडेपाच वाजले आणि फोन वाजलाच नाही. ग्रुप निघाल्यापासून पहिल्यांदा. मी दुधासाठी दार उघडलं, तर काका धापा टाकत जिना चढत होते. हातात शास्त्रवाचनाची पोथी. त्यांनी समोरची बेल दाबली. श्यामकांतांनी लगेच दार उघडलं, बनियनवर.

“आज आलं नाही ते?” श्यामकांतांनी विचारलं.

“तू कुठे ग्रुपमध्ये आहेस?”

“कुंदा लावते ना किचनमध्ये. मी काय कान कापून ठेवू?”

काकांनी पोथी पुढे केली. “आज हे आलंय. क्षमा करा म्हणजे तुम्हाला क्षमा केली जाईल. हे कुठल्या तोंडाने वाचायचं, तूच सांग. रुमालाचं चुकलं माझं.”

“रुमालाचं काय? टाकतो मी रुमाल! मागून दिसत नाही मला. पुढच्या वर्षीही टाकणार.”

“मग रागावलास कशाला?”

श्यामकांत चौकट धरून उभे राहिले. “सेलिनला कल्याणला डायलिसिसला कोण नेत होतं रे? आठवड्यातून तीनदा, दोन वर्षं. आणि मी ओळखीचा? एक गृहस्थ?”

“अरे, फादरांनी सांगितलंय, नाव घ्यायचं नाही.”

“मग फादरांना विचारून ये जा!”

काका तिथेच पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. दूध हातात तसंच. शेवटी कुंदावहिनी आतून ओरडल्या, “अहो, त्यांना आत घ्या, जिन्यात काय तमाशा!”

सहा वाजून वीस मिनिटांनी ‘रोजची भाकर’ आली. काका म्हणत होते, “आजचा दाखला माझा मित्र श्यामकांत याचा. दोन वर्षं त्याने माझ्या बायकोला उचलून गाडीत बसवलं. मी त्याला एकदाही थँक्यू म्हटलं नाही.” मग मागून श्यामकांतांचा आवाज येतो, “बास आता. चहा गार होतोय.” रेकॉर्डिंग तिथेच तुटलेलं आहे.