खोडलेली पहिली पसंती

मुलीने फॉर्मवर पेन्सिलीने लिहिलेली पहिली पसंती मी खोडरबराने पुसली आणि तिथे पेनने माझी लिहिली. खाली पालक म्हणून सही केली. तिला विचारलं नाही.

नववीची परीक्षा झाल्यावर शाळा मुलांना मे महिन्यात पंधरा दिवस वेगवेगळ्या कामांच्या ठिकाणी पाठवणार होती. तिने लिहिलं होतं, उद्यमनगरातलं मशीनशॉप. लेथवर लोखंड कसं कापतात ते तिला जवळून बघायचं होतं. मी लिहिलं, पॅथॉलॉजी लॅब. ती माझ्या मित्राची. आपली पोरगी दहा-बारा पुरुषांत ऑइलने हात काळे करते, हे भावकीत सांगायची मला लाज वाटली.

यादी लागल्यावर ती हिरमुसून म्हणाली, "चिठ्ठ्या टाकल्या असतील."

"असतील," मी म्हणालो. तिथेच अडकलो.

रोज सकाळी मीच तिला स्कूटरवरून सोडायचो. लॅबच्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे बसून ती नळ्यांना लेबलं चिकटवायची. जवळचा रस्ता उद्यमनगरातून होता, म्हणून मी वळसा घ्यायचो.

"पप्पा, इकडनं का?"

"तिकडं ट्रॅफिक असतं."

संध्याकाळी ती सांगायची, "आज दोनशे लेबलं. निम्मी डॉक्टर झाले की मी!" मला हसता यायचं नाही आणि खरंही बोलता यायचं नाही.

दहाव्या दिवशी तिला मैत्रिणीकडून कळलं, की मशीनशॉपला एक जागा रिकामीच राहिली आहे. तिने वर्गशिक्षकांना फोन लावला. "सर, पोरगी म्हणून तुम्ही मला डावललंत," असं सुनावून ठेवून दिला. थोड्या वेळाने सरांचा मला फोन आला.

"फॉर्म माझ्यासमोर हाय. अक्षर तुमचं हाय. तुम्ही सांगताय, का मी सांगू?"

"सर, हे पंधरा दिवस तेवढे संपू देत की."

"आन् तवर पोरीनं मला शिव्या घालायच्या व्हय?"

मी तिच्या खोलीत गेलो. रडून तिचे डोळे सुजले होते. बसायचं धाडस झालं नाही, दारातच उभा राहिलो.

"सरांनी काही केलं नाही. तुझी पसंती मी पुसली. चिठ्ठ्या टाकल्या असतील असं तू म्हणालीस, तेव्हा 'असतील' म्हणालो, तेही खोटंच. लोक काय म्हणतील याला भ्यालो मी. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."