सोर्स: माझी आजी

“मिस, सोर्स लिहिलाय मी. शेवटची ओळ बघा.”

बेल होऊन वर्ग रिकामा झाला होता. फोलाके माझ्या टेबलापुढे वही उघडी धरून उभी होती. पानावर माझ्याच हिरव्या पेनानं लिहिलेलं होतं: लेव्हल थ्री. त्याच्या शेजारी एकच शब्द आणि प्रश्नचिन्ह: सोर्स? मी शेवटची ओळ पाहिली. तिथं स्वच्छ अक्षरात होतं, ‘सोर्स: माझी आजी.’

“आजी सोर्स नसते, फोलाके,” मी म्हणाले. “कागद लागतो. पत्र, दाखला, फोटो, असं काहीतरी.”

तिनं वाद घातला नाही. वही मिटली आणि गेली. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी रीडिंग शहरातल्या एका सरकारी शाळेत इतिहास शिकवायचे. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. त्या काळी इंग्लंडच्या शाळांत मुलांच्या कामाला लेव्हल द्यायचे. इयर नाइनच्या, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाकडून साधारण पाचाची अपेक्षा. त्याच वर्षी मुलं ‘ऑप्शन्स’ निवडतात, म्हणजे दहावीसारख्या जीसीएसई परीक्षेला कोणते विषय घ्यायचे ते ठरवतात. आमच्या डिपार्टमेंटचा नियम होता की पाचाच्या खाली असलेल्या मुलाच्या फॉर्मवर इतिहासाची शिफारस करायची नाही. त्या वर्गात इतिहास खरोखर आवडणारी मुलं चार. त्यातली एक फोलाके. फॉर्म द्यायला दोन आठवडेही उरले नव्हते आणि तिची वाट मीच अडवली होती.

काम होतं ‘माझ्या कुटुंबाचा इतिहास’. कोणी पणजोबांचं पदक आणलं, कोणी लग्नाचा दाखला. फोलाकेनं दोन पानं योरुबा भाषेत लिहून आणली होती आणि पुढे त्यांचा इंग्रजी अर्थ. तिचं घर मूळचं नायजेरियातल्या आबेओकुटाचं. योरुबा घरांत प्रत्येक घराण्याची एक ओरिकी असते, म्हणजे स्तुतीच्या ओळी. पूर्वज कोण, कुठून आले, काय करायचे, सगळं त्यात गुंफलेलं. सकाळी मुलानं वाकून नमस्कार केला की घरातली मोठी बाई ती म्हणून त्याला उठवते. फोलाकेच्या ओरिकीत जळतं गाव सोडून निघालेली माणसं होती, खडकाच्या आडोशाला मांडलेली चूल होती आणि निळीनं कापड रंगवून कायमचे निळे झालेले हात होते.

मी ते वाचलं, मला आवडलं आणि मी तीन दिले.

असं का, ते सांगायला हवं. मी पुण्यात इतिहास शिकले. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून डोक्यात एकच खिळा ठोकतात: अस्सल कागद दाखवा. बखरीवर विश्वास ठेवाल तर नापास व्हाल. पोवाडा ऐकायला ठीक, पुरावा म्हणून शून्य. ही शिस्त वाईट नाही, तिनं आमच्याकडच्या पुष्कळ थापा उघड्या पाडल्या आहेत. पण ती मी बोटीत, म्हणजे विमानात, घालून इंग्लंडला आणली आणि एका योरुबा मुलीच्या डोक्यात हाणली. गंमत म्हणजे इंग्रजांनाही माझं हे फार आवडायचं. मार्क स्कीममध्येच, म्हणजे मार्क द्यायच्या नियमांतच, लिहिलेलं होतं, ‘कागद, फोटो किंवा वस्तू’.

रात्रीच्या जेवणाला मी हे नवऱ्याला, श्रीला, सांगितलं. तो जवळच्या ब्रॅकनेल गावी सॉफ्टवेअरमध्ये होता आणि इतिहासाशी त्याचा संबंध फक्त माझ्यामुळे.

“अगं, मग तिच्या आजीला विचार ना सरळ,” तो म्हणाला.

“आजी काय पुरावा झाला का, श्री?”

“तू पुण्याची. तुला चहा गरम आहे याचाही रिटन प्रूफ लागतो. तुझ्या आत्याला जात्यावरच्या दोनशे ओव्या पाठ होत्या म्हणतेस. त्यातली एक तरी लिहून घेतलीस?”

मी भाजी वाढली आणि विषय बदलला. एकही ओवी लिहून घेतली नव्हती. आत्या जाऊन सहा वर्षं झाली होती.

पण डोक्यातून जाईना. तेव्हा आमच्या सिलॅबसमध्ये आफ्रिका पहिल्यांदा यायची ती जहाजातून. इयर एटला, गुलामांच्या जहाजाच्या आकृतीवर, आडव्या रेघांसारखी मांडलेली माणसं. त्याआधी आफ्रिकेत कोणी जेवत होतं, भांडत होतं, कापड रंगवत होतं, याचा पत्ताच नाही. ‘डिकॉलनायझिंग’, म्हणजे अभ्यासातला वसाहतवाद्यांचा चष्मा काढणं, हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये कोणाच्या तोंडी नव्हता. माझ्याही नव्हता. मला फक्त एवढं दिसत होतं की या मुलीनं जहाजाच्या आधीचं काहीतरी वर्गात आणलं आणि मी त्याला तीन दिले.

म्हणून मी माझ्या पद्धतीनं मदत करायचं ठरवलं. म्हणजे कागद शोधायचा. शनिवारी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसले. दुपारी एका जाड पुस्तकात एका मिशनऱ्याचं जुनं पत्र छापलेलं सापडलं. त्यात लढाईत जळालेल्या गावाचं नाव होतं, खडकाखाली आसरा घेतलेली माणसं होती. फोलाकेच्या ओरिकीतलंच गाव! मी तिथल्या तिथे टाळी वाजवली. लायब्रेरियननं वर पाहिलं. मी फोटोकॉपी काढली आणि लॉटरी लागल्यासारखी घरी आले.

मंगळवारी पॅरेंट्स ईव्हनिंग होती. फोलाकेची आई नर्स, तिची शिफ्ट होती, म्हणून आजी आली. उंच, ताठ, डोक्याला गडद निळं कापड बांधलेलं. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेली. फोलाकेनं आजीसाठी खुर्ची ओढली आणि आपण मागे उभी राहिली.

मी फोटोकॉपी पुढे सरकवली. “हे बघा. तुमच्या ओरिकीतली गोष्ट खरी आहे. पुरावा सापडला.”

आजीनं चष्मा लावला. बोट ठेवून सगळं पत्र वाचलं. इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा चांगलं होतं.

“हा गोरा माणूस तेव्हा तिथं होता?”

“नाही. काही वर्षांनी आला.”

“मग त्याला कोणी सांगितलं?”

मी पत्र पुन्हा वरून खाली पाहिलं.

“आमच्याच माणसांनी सांगितलं असेल,” आजी शांतपणे म्हणाली. “माझ्या पणजीच्या आईनं सांगितलं असेल. तिनं त्याला सांगितलं, त्यानं लिहिलं, तो सोर्स. तिनं लेकीला सांगितलं, असं होत होत ते माझ्यापर्यंत आलं, मी हिला सांगितलं, ते काय आहे, टीचर?”

मला लाज वाटली, स्पष्ट सांगते. बाजूच्या टेबलावर कोणी तरी गणिताच्या सेटवरून, म्हणजे मुलाला कुठल्या तुकडीत टाकलं त्यावरून, तावातावानं बोलत होतं. त्या गोंगाटात आजीनं नातीच्या पाठीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात ओरिकी म्हटली. फोलाके गुडघे टेकून खाली बसली. शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, तिला काही वाटलं नाही.

उठताना आजी म्हणाली, “आमच्या शाळेत वर्गात योरुबा बोललं की गळ्यात पाटी अडकवायचे. ती पाटी मी दोनदा घातली. हिच्या गळ्यात मला नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कीथकडे गेले. कीथ आमचा हेड ऑफ डिपार्टमेंट. इथल्याच बर्कशरमध्ये जन्मला, तिथंच वाढला, माणूस सरळ, पण नियमाच्या बाबतीत एक इंच हलणार नाही.

“नीलिमा, तूच तीन दिलेस.”

“चुकले. बदलायचेत.”

“मार्क स्कीम सगळ्यांना एकच. आज हिची आजी धरली तर उद्या तीस मुलं ‘आमची आजी म्हणाली’ म्हणून येतील. खरं-खोटं कसं ठरवणार?”

“कागदाचं कसं ठरवतो?”

“कागदाला प्रश्न विचारता येतात.”

“माणसाला जास्त विचारता येतात, कीथ.”

“सॉरी,” तो म्हणाला आणि रजिस्टर घेऊन वर्गावर गेला. मला राग आला. त्याचा थोडा, माझा जास्त, कारण पंधरा दिवसांपूर्वी हेच मी बोलले असते.

गुरुवारी इयर नाइनचा तास होता, विषय दुसरं महायुद्ध. वर्कशीट तयार होती, कीथनंच काही वर्षांपूर्वी बनवलेली. सोबत एक कॅसेट. लंडनच्या बॉम्बहल्ल्यांतून वाचवायला मुलांना बाहेरगावी अनोळखी घरांत पाठवलं होतं, त्यांना इव्हॅक्युई म्हणतात. अशी एक मुलगी रीडिंगमधल्या ज्या घरात आली, त्या घरातली एक बाई टेपवर आपल्या लहानपणाची आठवण सांगते. मी दरवर्षी ही टेप लावायचे. बटण दाबलं. खरखर झाली आणि बाई बोलू लागली, “माझे वडील नेहमी सांगायचे...”

वर्कशीटवर ठळक अक्षरांत होतं: सोर्स ए.

मी वर्गाकडे पाहिलं. सगळे लिहीत होते. फोलाकेही. तिनं ‘सोर्स ए’ या शब्दांखाली पट्टी धरून रेघ मारली, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

लंच ब्रेकला मी कॅसेट प्लेअर उचलला आणि कीथच्या खोलीत नेऊन त्याच्या सँडविचशेजारी ठेवला. बटण दाबलं. “माझे वडील नेहमी सांगायचे...”

“ही माझी आई आहे,” कीथ म्हणाला. मला हे माहीत नव्हतं. क्षणभर पाय मागे आला. पण इतकं आल्यावर मागे कशाला फिरायचं?

“चांगली बोलते. कागद कुठंय?”

“नीलिमा.”

“नाही, खरंच विचारते. तिनं पाहिलं ते तिनं सांगितलं. तिच्या वडिलांनी सांगितलं तेही तिनं सांगितलं. तू टेप केलंस आणि सोर्स ए झालं. फोलाकेच्या आजीनं सांगितलं, फोलाकेनं लिहून घेतलं आणि मी तीन दिले. फरक काय? रीडिंगची आजी चालते आणि आबेओकुटाची चालत नाही, एवढाच ना?”

कीथनं टेप बंद केली. सँडविच परत कागदात गुंडाळलं. मला वाटलं, आता हा मला बाहेर काढणार.

“एक अट,” तो म्हणाला. “मी आईच्या टेपवर मुलांना चार प्रश्न विचारायला लावतो. कोण सांगतंय, कोणाला, कशासाठी, आणि काय सांगत नाहीये. त्या मुलीनं आजीला हेच विचारायचं. सूट नाही. सोमवारपर्यंत.”

“सूट मागितलीच नाहीये.”

फोलाकेला सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, “चौथा प्रश्नही?” मी म्हटलं, चौथाही.

सोमवारी सकाळी वही आली. पहिली तीन उत्तरं नेटकी होती. ओरिकी बायका म्हणतात, घरच्या मुलांना म्हणतात, मूल ताठ उभं राहावं म्हणून म्हणतात, त्यामुळे तिच्यात घराण्याचं वाईट येत नाही, हेही तिनं स्वतःहून लिहिलं होतं. चौथ्या प्रश्नाखाली एवढंच होतं:

‘निळीचे माठ आमचे होते, हे ओरिकी सांगते. माठात पाणी कोण भरायचं, ते सांगत नाही. मी आजीला विचारलं. आजीनं आधी डोक्याचं कापड सोडून पुन्हा बांधलं. मग म्हणाली, विकत घेतलेली माणसं. त्यांची ओरिकी आमच्या घरात कोणाला येत नाही.’

मी वही कीथपुढे ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. तो ते पान दोनदा वाचत होता, हे पाठीमागूनही कळत होतं.

“माझ्या आजोबांनी ती इव्हॅक्युई मुलगी दोन महिन्यांत परत पाठवली,” तो एकदम म्हणाला. “रात्री अंथरूण ओलं करायची म्हणून. आईला माहीत होतं. टेपवर नाही.”

शाळेचा नियम असा की दिलेली लेव्हल बदलली तर दोन शिक्षकांच्या सह्या लागतात. माझ्या तीनवर आडवी रेघ मारून कीथनं स्वतः सात लिहिले. मी सही केली, त्यानं केली. शिफारस मुदतीच्या आदल्या दिवशी गेली आणि फोलाकेनं इतिहास घेतला. आजीला ती बातमी फोलाकेनं फोनवर योरुबात दिली, शाळेच्या कॉरिडॉरमध्ये, मोठ्यानं.

पुढच्या सप्टेंबरात मार्क स्कीममध्ये ‘कागद, फोटो किंवा वस्तू’ यापुढे ‘किंवा मुखपरंपरा’ हे शब्द आले. ते पास करायला तीन मीटिंगा लागल्या, आणि तिन्हींत सगळ्यांत जास्त भांडला तो कीथ. इयर एटची आफ्रिका जहाजाच्या चार तास आधी सुरू होऊ लागली. फार नाही, चारच तास. पण पहिल्या तासाला माणसं आकृतीत आडवी नसायची, उभी असायची आणि काम करत असायची. कीथच्या वर्कशीटवर एक नवा प्रश्न आला: ही बाई काय सांगत नाहीये? तो प्रश्न आईला स्वतः विचारायची सोय आता राहिली नाही, असं तो मला एकदा म्हणाला.

यातून मी शिकले ते एवढंच. कागद मागायची सवय गेली नाही, जाऊही नये. फक्त आता कुठलाही कागद हातात आला की मी आधी आजीचा प्रश्न विचारते: याला कोणी सांगितलं? आणि आत्याची आठवण आली की दुसरा प्रश्न मला कोणी न विचारताच ऐकू येतो. दोनशे ओव्या होत्या. मी पुण्यात आत्यापासून चार मैलांवर राहत होते, हातात पेन होतं आणि मी पुरावा शोधत होते.