शारजा ते नागपूर, वरून दीड तास

हसायचं तर हसा लेकहो, पण पूर्ण ऐकून हसा. किस्सा माझ्या अतिहुशारीचा आहे, आणि शिक्षा भोगली माझ्या मायनं.

माझी बहीण सुनंदा सहा वर्षांनी शारजाहून आमच्या गावी, सिहोऱ्याला येणार होती. माय सत्तरी ओलांडलेली. तिचा एकच हट्ट, "पोरगी इमानातून उतरून बाहेर निंगताना मले पाहाची हाय." लेक माहेरी आली की दारातच मायनं तिचे पाय धुवायचे, ही आमच्या घरची रीत. पण दारापर्यंत थांबतंय कोण? मायनं पितळी तांब्या घासूनपुसून पिशवीत घातला.

मोबाइलवर तिकीट आलं. सुटणार सकाळी पावणेदहाला, पोचणार दुपारी अडीचला.

आता मी पडलो हातमागावर बसणारा माणूस. सूत असो की वेळ, वरून थोडं जास्त धरायची जन्माची सवय! त्यात मी सगळं शोधून ठेवलेलं. अंतर अडीच हजार किलोमीटर, प्रवास सव्वातीन तास आणि शारजाचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. झालं! मी जाहीर केलं, "तिथले अडीच म्हणजे आपले चार!"

"जराक लवकर निंगू ना बाबू," माय म्हणाली.

"कायले? तिथं बसून माशा मारतं का?"

"तू म्हणून राहिला तं असन बाप्पा."

दुपारी एक वाजता मायला घेऊन निघालो. वाटेत अनोळखी नंबरवरून तीनदा फोन आला. काहीतरी विकणारे असतील म्हणून मी तिन्ही वेळा कापला. केवढा हुशार!

पावणेचारला विमानतळावर पोचलो. माय तांब्या घेऊन कठड्याशी उभी. कुणी बाई बाहेर आली की टाचा उचलून बघायची. चार वाजले, साडेचार वाजले. पाचला मी दारावरच्या चौकीदाराला विचारलं.

"शारजावाली? वो तो ढाई बजेही आ गई!"

तेव्हा कुठं मला ते तीन फोन आठवले. त्या अनोळखी नंबरवर फोन लावला. टॅक्सीवाल्यानं उचलून सुनंदाला दिला.

"भाऊ, या डायवरच्या फोनवरून कवाची लावून राहिली मी तुले! काहून उचलत नव्हता?"

"अवं, पण तिकिटावर अडीच..."

"ते नागपूरचेच अडीच ना रे! जिथं उतरते तिथला टाइम लिवते!"

घरी पोचलो तेव्हा शेजारच्या काकूंनी सुनंदाचे पाय धुऊन तिला आत बसवलं होतं. मायनं लेकीला पोटाशी धरलं आणि तांब्या गुपचूप फळीवर ठेवून दिला. 

महिन्यानं सुनंदा परत निघाली. या वेळी मायनं आम्हाला विमानतळावर पाच तास आधीच नेऊन बसवलं. येताना पाहायची राहिलेली लेक तिनं जाताना डोळे भरून पाहिली. मला मान वर करवेना.

त्याच चौकीदारानं दार लावलं. डोळे पुसत माय म्हणाली, "आता कवा पोचन रे माही पोरगी?"

मी घाईघाईनं मोबाइल काढला.

"तुले नाही पुसलं," माय म्हणाली, "त्या चौकीदाराले पुसून राहिली मी."