स्मरणिकेतलं अर्धं पान

गुंतवणूक सल्लागार म्हणून माझी नोंदणी झाली, त्या वर्षी जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाने गणपतीच्या स्मरणिकेत मला जाहिरातीसाठी अर्धं पान दिलं. मजकूर मीच लिहिला. शाळा इंग्रजी, बाहेर सगळी हिंदी, त्यामुळे मराठीतल्या चार ओळींना दोन दिवस लागले. नियमाप्रमाणे तो सल्लागारांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे मंजुरीला पाठवला, मंजूर होऊन आला. आता त्यातला शब्दही बदलायचा नव्हता.

गोहलपूरच्या छापखान्यात प्रूफ बघायला गेले, तर माझ्या नावाच्या वर ठळक अक्षरांत एक नवी ओळ होती. माझ्या सल्ल्याने एका गुंतवणूकदाराचे पैसे वर्षभरात किती टक्के वाढले, ती. तो गुंतवणूकदार म्हणजे माझे बाबा. त्यांनी कौतुकाने आकडा सांगितला होता, आणि स्मरणिकेचं काम बघणाऱ्या काकांनी तो मला मदत म्हणून परस्पर टाकला होता. काका तिथेच बसले होते.

"काका, ही ओळ काढावी लागेल."

"काहून? खोटं लिहिलं का मी?"

"नाही. आकडा खरा आहे."

"मग घाबरून काहून राहिली?"

मोठ्यांशी वाद घालणं मला जमत नाही. एरवी मी 'बरं' म्हणून घरी आले असते. पण ती ओळ छापली गेली असती, तर माझी नोंदणीच धोक्यात आली असती.

"ते वर्ष बाजाराचं चांगलं होतं, काका. त्याच्या आदल्या वर्षी बाबांचे पैसे कमी झाले होते, ते कुठे लिहिलंय? हे वाचून तिकडे पनागरच्या गावातून कोणी आलं, तर त्याला वाटेल, आपल्यालाही इतकेच मिळणार. म्हणून जुना परतावा जाहिरातीत दाखवायचाच नाही, असा नियम आहे."

एका दमात इतकं मराठी मी घराबाहेर कधी बोलले नव्हते.

छापखान्याचे भैया म्हणाले, "दीदी, फिर बचा क्या?"

उरलं होतं नाव, नोंदणी क्रमांक, कामाची एक ओळ आणि जोखमीची सूचना. काकांनी ती वाचली. "ही जाहिरात आहे का सिगारेटचं पाकीट?" असं म्हणत त्यांनी स्वतःच्या पेनने वरची ओळ खोडली. मग भैयांनी सूचनेची अक्षरं बारीक करून भोवती वेलबुट्टी टाकू का, म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले. दुसऱ्यांदा नाही म्हणणं सोपं गेलं.

स्मरणिका निघाली. शेजारीच बडा फुहारा बाजारातल्या साडीच्या दुकानाची रंगीत जाहिरात होती, तिच्यापुढे माझी फिकीच दिसते. ती वाचून कोणाचाही फोन आला नाही. बाबा थोडे खट्टू झाले.

मी मात्र स्मरणिका ऑफिसच्या टेबलावर ठेवली आहे. येणारे चाळतात, त्या पानाशी थांबतात. "मॅडम, कितना मिलेगा, ये तो लिखा ही नहीं," कोणीतरी म्हणतं.

"नहीं लिखा," मी म्हणते. तेव्हा माझा आवाज अजिबात बारीक होत नाही.