तेजीरावांचा बाजारकल

कुक्कुटपालक संघाच्या कार्यालयात, वरच्या मजल्यावरील खोलीत बसून ज्या गृहस्थांनी एकोणीस वर्षे अंड्यांच्या दराची भाकिते केली, त्यांना कोंबड्यांच्या वासाने मळमळत असे. खिडकी कायम लावलेली. टेबलावर काच, काचेखाली वर्तमानपत्रात छापून आलेले स्वतःचे एकमेव छायाचित्र. आणि दर सोमवारी संघाच्या पत्रिकेत ‘बाजारकल’ हे सदर. त्यात मंदी हा शब्द त्यांनी कधीही लिहिला नाही. दर चढले की तेजी, उतरले की ‘तेजीपूर्व विश्रांती’. खालच्या गोदामातले हमाल त्यांना तेजीराव म्हणत. ही पदवी आदराची आहे असे त्यांना अखेरपर्यंत वाटत राहिले. यावरून त्यांच्या निरीक्षणशक्तीची कल्पना यावी.

त्यांचे गणित सुटसुटीत होते. पिल्लू अंड्यावर यायला पाच महिने लागतात. म्हणून पाच महिन्यांपूर्वी उबवणी केंद्रांतून किती पिल्ले गेली ते पाहायचे : पिल्ले कमी, तर आज अंडी कमी, अंडी कमी, तर दर चढे. एका वर्षी पिल्लांची विक्री खरोखरच घटली. तेजीरावांनी ठळक अक्षरांत लिहिले, ‘मोठी तेजी येत आहे. म्हाताऱ्या कोंबड्या विकून काढू नका, थांबा.’ ही पत्रिका बाराशे शेडमध्ये जात असे.

त्यांतली एक शेड त्यांच्या धाकट्या बहिणीची. नवरा गेल्यापासून ती एकटीच सांभाळत होती. तीन हजार कोंबड्या, सगळ्या एकाच वयाच्या, आता उतरणीला लागलेल्या. अंड्यांचे कवच पातळ पडलेले, दहांतल्या चार तर नुसत्या दाणा खाणाऱ्या. शनिवारपर्यंत शेड रिकामी केली तर उबवणी केंद्रात नव्या पिल्लांसाठी नंबर तिचा होता, नाहीतर तीन महिने खोळंबा. पण शेड रिकामी केली आणि तेजी लगेच आली, तर विकायला पाच महिने एकही अंडे नाही. दोन मुलींचे शिक्षण आणि घर म्हाताऱ्या कोंबड्यांच्या पैशांवरच रेटायचे.

गुरुवारी ती जिना चढून वर गेली. तेजीरावांनी आधी नाकाला रुमाल लावला.

“शेडमधून थेट आलीस काय?”

“आंघोळ करून आलेय, दादा. कोंबड्या काढू की ठेवू, एवढंच सांग.”

“छापलंय ना स्वच्छ! अडाण्यांनासुद्धा कळलं. तीन दिवस फोन खणखणतोय. बाराशेंपैकी एकानेही कोंबडी काढलेली नाही!”

बहीण थबकली. “एकानेही नाही?”

“माझा शब्द आहे तो.”

“मग त्या म्हाताऱ्या अजून अंडी देणारच की. त्या तू धरल्यास कुठे?”

“कशात?”

“तुझ्या गणितात.”

“त्यांचा रकाना नसतो,” तेजीराव करवादले. “पिल्लांचा असतो. तू आपली दाणा घाल. शास्त्रात नाक खुपसू नकोस.”

तिने चपला घातल्या आणि जिन्यातूनच कोंबड्या घेणाऱ्या व्यापाऱ्याला फोन लावला.

“ताई, मागाल तो भाव देतो,” तो म्हणाला. “कुणी कोंबडी सोडायलाच तयार नाही. काय झालंय काय सगळ्यांना?”

“वाचायला लागलेत,” ती म्हणाली.

शुक्रवारी शेड रिकामी झाली. धुऊन, चुना मारून होते न होते तोच शनिवारी संध्याकाळी पिल्ले आली.

त्यानंतर तीन आठवड्यांत बाजारात अंडी मावेनात. गोदाम भरून ट्रे जिन्यापर्यंत आले. स्वतःच्या खोलीत जायला तेजीरावांना अंग चोरून चढावे लागे. त्या आठवड्याचा बाजारकल : ‘तेजीपूर्व विश्रांती’. दर कोसळले, बाकीचे सगळे शेडमालक घाबरले आणि सगळ्यांनी एकदम कोंबड्या काढल्या. व्यापाऱ्याने त्या जवळजवळ फुकट उचलल्या. मग मात्र खरोखरच अंड्यांची चणचण झाली, आणि दर चढू लागले तेव्हा बहिणीच्या नव्या कोंबड्या नेमक्या अंड्यावर आल्या होत्या.

आपल्या सल्ल्याने बहिणीचे कल्याण झाले, असे तेजीराव कार्यालयात सांगू लागले. एवढेच नव्हे, आयुष्यात प्रथमच ते तिच्या शेडपर्यंत गेले आणि रुमाल लावून फाटकाबाहेर उभे राहिले.

“म्हटलं नव्हतं, तेजी येणार म्हणून?”

“म्हटलं होतंस, दादा. पुढचा अंक कधी?”

“सोमवारी. का गं?”

“छापायच्या आधी मला सांगत जा. बाकीचे काय करणार ते आधी कळलेलं बरं.”

तेजीरावांना हा आपला गौरव वाटला. त्यानंतर दर रविवारी दुपारी, जेवण झाले की, ते न चुकता तिला फोन करत. एकोणीस वर्षांच्या भाकितांचा कुणाला खात्रीचा उपयोग झाला असेल, तर तो एवढाच.