मामांच्या पुतळ्यातली काठी

"आलो बरं का, उठू नगा." कुंपणाचं दार उघडण्याआधी मामा खाकरत आणि हरणांना असं सांगत. ऑफिसच्या खिडकीतून आम्ही कारकून हसायचो. साहेबांच्या केबिनमध्ये शिरतानाही मामा एवढी अदब पाळत नसत.

बीड जिल्ह्यातला आमचा सहकारी साखर कारखाना. दुष्काळात पाण्यासाठी वस्तीत शिरलेली, कुत्र्यांनी फाडलेली हरणं लोक आमच्या बागेत आणून सोडत. म्हणून जाळीचं कुंपण झालं आणि रखवालीला आष्टीकडचे एक गृहस्थ आले, सगळे त्यांना मामाच म्हणत. तेव्हा त्यांच्या हातात काठी असे. पाहुणे आले की जाळीवर काठी आपटायची, हरणं उधळायची, पोरं खूश. रखवालदाराचं काम तेव्हा तेच समजलं जाई.

एका उन्हाळ्यात त्या आवाजाला बिचकून एक गाभण हरणी जाळीवर आदळली आणि मेली. पुढ्यातला चहा तसाच ठेवून मामांनी मला हे सांगितलं होतं. "त्या दिसापासून काठी धरली न्हाई, भाऊसाहेब."

पुढे ते पाहुण्यांनाच गप्प बसवू लागले. ते वाकून हौदात पाणी ओतत, तेव्हा हरणं त्यांच्या खांद्याला नाक घाशीत.

संचालक मंडळाने ठराव केला, जनावरं सांभाळणाऱ्यांच्या सन्मानाचा पुतळा उभारायचा, चेहरा मामांचा. शिल्पकाराला माहिती कळवायचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्ष म्हणाले, हात मोकळा बरा दिसत नाही, काठी द्या. आपल्याकडे पुतळ्याच्या हातात काहीतरी लागतंच. मी "हो साहेब" म्हणालो. माझ्या बढतीचे दिवस होते, दुसरं काही कारण नव्हतं.

अनावरणाला मामा नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. पडदा सरकला. कार्यक्रम संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "बाकीच्याचं सोडा. तुमाला तर म्हाईत व्हतं."

त्यानंतर दर महिन्याला येत. मागणं एकच, काठी तेवढी काढा. मी म्हणे, पुढच्या मीटिंगला विषय ठेवतो. विषयपत्रिका मीच लिहायचो. तो विषय एकदाही लिहिला नाही.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना जवळून ओळखणारा मीच उरलो, म्हणून स्मृतिदिनी पुतळ्याला हार घालायचा मान मला देतात. हार दरवर्षी काठीत अडकतो. मी तो सोडवून गळ्यात नीट बसवतो, आणि लोक टाळ्या वाजवतात.